टेम्पो: माल आणि माणसे यांच्या सीमेवरची गाडी

१/
‘टेम्पो’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो परका वाटतच नाही. दुधाचा टेम्पो, भाजीचा टेम्पो, घर बदलताना ठरवलेला टेम्पो, गणपती आणायला काढलेला टेम्पो. वस्तुतः हे हॅम्बुर्गच्या एका जर्मन कारखान्याचे व्यापारी नाव. ते मराठीत सामान्यनाम कसे झाले, हे पाहू लागले की एक जुना, व्यवहारी प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. पैसे एकाच गाडीपुरते आहेत. वाहायला माल आहे आणि न्यायला माणसेही आहेत. मग गाडी कोणती घ्यावी?

२/
हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या ऐपतीचा आणि आवडीचा वाटतो. तसा तो कधीच नव्हता. कर, परवाने आणि विमा यांच्या कायद्यांनी त्याचे निम्मे उत्तर आधीच देऊन ठेवलेले असते. टेम्पोच्या बाबतीत तर गाडीला चाके किती असावीत, हेही कायद्यानेच ठरवले.

३/
ऑस्कर विडाल यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेली ‘विडाल उंड झोन’ ही कंपनी ‘टेम्पो’ या नावाने छोट्या मालवाहू गाड्या बनवीत असे. १९२८ मध्ये जर्मनीत एक सवलत मिळाली. चारपेक्षा कमी चाके आणि २०० सीसीपर्यंतचे इंजिन असलेल्या गाडीला वाहन कर माफ झाला आणि ती चालवायला परवान्याची गरज उरली नाही. बेकरीवाला, भाजीवाला, कोळसेवाला अशा लहान धंदेवाल्यांसाठी ही मोठीच सोय होती. तिसऱ्या चाकावर थांबण्यामागे अभियांत्रिकीपेक्षा करकायदा अधिक होता.

४/
या तीनचाकीची पुढे जी रचना प्रसिद्ध झाली, ती फारच साधी होती. इंजिन पुढच्या एकाच चाकावर बसवलेले. तेच चाक वळणार आणि तेच गाडी ओढणार. मागे दोन चाके आणि त्यांवर हौदा. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा नसल्याने मागचा सारा भाग मोकळा. त्यावर फळ्या ठोका, पेटी बसवा, बाक टाका. गाडीला काही फरक पडत नसे. भारतात या गाडीचे पुढे जे काही झाले, त्याचे मूळ या मोकळ्या हौद्यात आहे.

५/
दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, टेम्पोने दोन गाड्या आणल्या: ‘हान्झेआट’ ही तीनचाकी आणि ‘मॅटेडोर’ ही चारचाकी. मॅटेडोरला सुरुवातीला फोक्सवागनचे इंजिन होते. १९५२ मध्ये तो पुरवठा थांबला आणि टेम्पोला दुसरी इंजिने शोधावी लागली. तोवर फोक्सवागनची स्वतःची व्हॅन बाजारात उतरून दोन वर्षे झाली होती.

६/
फोक्सवागनच्या त्या व्हॅनची कथा जगप्रसिद्ध आहे. बेन पॉन हे डच व्यापारी वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात गेले असता त्यांना सुटे भाग हलवण्यासाठी कामगारांनीच जुळवलेली एक सपाट गाडी दिसली. २३ एप्रिल १९४७ रोजी त्यांनी आपल्या वहीत एका पेटीसारख्या गाडीचे रेखाटन केले आणि मार्च १९५० मध्ये त्या गाडीचे उत्पादन सुरू झाले. तिच्या एका प्रकाराला ‘कॉम्बी’ म्हणत. आठवडाभर माल वाहावा आणि रविवारी मागची बाके बसवून घरच्यांना फिरायला न्यावे, असा त्या गाडीचा उद्देश तिच्या नावातच होता. ‘कॉम्बी’ म्हणजे संयुक्त, दोन्ही कामांची.

७/
या दोन जर्मन व्हॅनमधला फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, हमालाला मात्र तो लगेच कळला असता. फोक्सवागनचे इंजिन मागे. त्यामुळे मागच्या बाजूची जमीन उंच झाली आणि माल मुख्यतः बाजूच्या दारातून भरावा लागे. मॅटेडोरचे इंजिन पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांची. त्यामुळे तिची जमीन सलग, सपाट आणि रस्त्यापासून कमी उंचीवर. गोणी कमरेइतकी उचलायची की छातीइतकी, हा प्रश्न दिवसातून दोनशे वेळा येत असेल तर तो क्षुल्लक राहत नाही. म्हाताऱ्या माणसाला गाडीत चढायलाही तीच कमी उंची सोयीची.

८/
कॉम्बी अमेरिकेत गेली तेव्हा मात्र ‘दोन्ही कामांची’ गाडी अडचणीत आली. पश्चिम युरोपातील देशांनी स्वस्त अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली. त्याला उत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये परदेशी हलक्या मालवाहू गाड्यांवर २५ टक्के जकात बसवली. इतिहासात ती ‘चिकन टॅक्स’ या नावाने ओळखली जाते. त्या जकातीने फोक्सवागनच्या मालवाहू व्हॅनची अमेरिकेतली विक्री संपवली. बाके आणि खिडक्या असलेली तीच गाडी मात्र प्रवासी ठरून सुटली.

९/
ही जकात आजही उठलेली नाही. फोर्ड कंपनीने तिच्यावर काढलेला तोडगा तर अफलातून होता. तुर्कस्तानात बनलेल्या ‘ट्रान्झिट कनेक्ट’ व्हॅन मागच्या सीटांसह प्रवासी गाड्या म्हणून अमेरिकन बंदरात उतरवायच्या. जकात खात्यातून सुटल्या की त्या सीटा काढून टाकायच्या आणि गाड्या मालवाहू म्हणून विकायच्या. प्रकरण न्यायालयात गेले, निकाल सरकारच्या बाजूने लागला आणि २०२४ मध्ये फोर्डने ३६५ दशलक्ष डॉलर भरून तडजोड केली. अमेरिकेत सीट काढल्याने गुन्हा घडला. भारतात, पुढे दिसेल त्याप्रमाणे, गुन्हा बहुधा बाक टाकल्याने घडत आला.

१०/
आता मुंबई प्रांताकडे वळू. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने भाड्याच्या वाहतुकीचे स्वतंत्र कप्पे पाडले होते. थांब्याथांब्याला प्रवासी घेणारी टप्पा वाहतूक, पूर्ण गाडी ठरवून दिली जाणारी कंत्राटी वाहतूक आणि मालवाहतूक. प्रत्येकीचा परवाना वेगळा. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली आणि टप्पा वाहतूक हळूहळू सरकारच्या हाती गेली. माल खासगी मालकांकडे राहिला. माणसे सरकारची आणि गोणी खासगी, अशी ही वाटणी होती.

११/
ती एसटी ज्या अहमदनगरला गेली, तिथलेच नवलमल कुंदनमल फिरोदिया. व्यवसायाने वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले. माणसाने माणसाला ओढावे, हे त्यांना मान्य नव्हते. इटलीतील पियाज्जिओ कंपनीच्या मालवाहू तीनचाकीवरून त्यांना प्रवासी रिक्षाची कल्पना सुचली. तत्कालीन गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यापुढे तिचे प्रात्यक्षिक झाले आणि पुण्याच्या रस्त्यांवर ऑटोरिक्षा आली. ज्या गाडीला आज कोणी मालवाहू म्हणणार नाही, तिचा जन्म मालगाडीला बाक बसवूनच झाला आहे.

१२/
१९५८ मध्ये फिरोदियांच्या पुढाकाराने विडाल कंपनीच्या सहकार्याने ‘बजाज टेम्पो’ उभी राहिली. आधी मुंबईत गोरेगाव, पुढे पुण्याजवळ आकुर्डी. पहिली गाडी होती तीच तीनचाकी हान्झेआट, जिचे जर्मनीतले उत्पादन तोवर थांबलेही होते. जर्मन धंदेवाल्याच्या हाती पैसा आल्यावर त्याने चौथे चाक परवडवले. भारतात मात्र ती गाडी त्यानंतर कित्येक दशके टिकली.

१३/
त्या काळच्या भारतीय गिऱ्हाइकापुढे पर्याय किती होते? एका टोकाला बैलगाडी आणि हातगाडी, दुसऱ्या टोकाला टाटा-मर्सिडीज किंवा लेलँडचा ट्रक. मोटारीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. मधल्या पोकळीत जीप होती, पण तिच्यात माल मावत नसे. या पोकळीत जी पहिली गाडी शिरली, तिचे नाव त्या संपूर्ण जातीला चिकटले. ‘टेम्पो’ हा शब्द सामान्यनाम होण्यामागे भाषेचे गूढ काही नाही. दुसऱ्या नावाची गरज पडावी, अशी दुसरी गाडीच फारशी नव्हती.

१४/
१९६९ मध्ये आकुर्डीतून मॅटेडोर बाहेर पडू लागली. डिझेलवर चालणारी, पुढच्या चाकांची ओढ असलेली आणि त्याच सपाट, बुटक्या जमिनीची. एकाच सांगाड्यावर रुग्णवाहिका, शाळेची बस, पोलिसांची गाडी, पावाची गाडी, कंपनीच्या कामगारांची मिनीबस असे सारे काही उभे राहिले. पेट्रोलच्या तुलनेत डिझेल स्वस्त, हे त्यामागचे मोठे कारण. पुढे या गाड्यांत मर्सिडीज-बेन्झच्या परवान्याने बनलेले ओएम ६१६ हे इंजिन आले. योगायोग असा की हॅम्बुर्ग-हारबुर्गचा मूळ टेम्पो कारखानाही तोवर मर्सिडीजच्याच ताब्यात गेला होता.

१५/
मॅटेडोरचा एक दोष तिच्या गुणातच दडलेला होता. ओढ पुढच्या चाकांची आणि वजन मागे. चढावर भार आणखी मागे सरकतो, पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर जागच्या जागी फिरू लागतात. ज्या रचनेमुळे गोणी चढवणे सोपे झाले, तिच्यामुळेच भरलेली गाडी घाटात अवघड झाली. म्हणून या गाडीची निवड करताना ‘किती माल’ याइतकाच ‘कोणत्या रस्त्याने’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरे. सपाट शहरी रस्त्यावर तिला तोड नव्हती.

१६/
ऐंशीच्या दशकात जपानी तंत्रज्ञानाचे हलके ट्रक एकदम आले: डीसीएम-टोयोटा, स्वराज माझदा, ऑल्विन-निसान, आयशर-मित्सुबिशी. ते मॅटेडोरपेक्षा मोठे आणि महाग. छोट्या दुकानदाराच्या दृष्टीने खरी घटना वेगळीच होती. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली. १९८८ पासून तिला ‘ओम्नी’ म्हणू लागले.

१७/
तिचे घराणे जपानचे. तिथे ‘केई’ या छोट्या गाड्यांच्या वर्गाला करात सवलत होती, मात्र लांबी, रुंदी आणि इंजिन यांवर सक्त मर्यादा. लांबी ठरलेली असेल तर माल मावण्याची जागा कुठून आणायची? गाडीचे नाकच काढून टाकायचे. इंजिन पुढच्या सीटखाली, चालक अगदी टोकाला आणि मागे उरलेली सगळी जागा मोकळी. १९६१ पासून बनणाऱ्या सुझुकी कॅरीची ही रचना ७९६ सीसीच्या इंजिनासह भारतात आली. जर्मनीत तिसरे चाक जसे करकायद्यातून निघाले, तसाच ओम्नीचा चपटा चेहराही.

१८/
ओम्नीची खरी किमया तिच्या नंबरप्लेटवर होती. ती पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी मोटार होती. व्यवसायाचा परवाना नको, दर वर्षी आरटीओत जाऊन फिटनेसचा दाखला नको. सरकते दार उघडायचे, सीटा उचलायच्या आणि किराणा, फुले, औषधांची खोकी, मंडपाचे सामान, केटररची भांडी भरायची. संध्याकाळी सीटा जागेवर. कॉम्बीच्या नावात जे स्वप्न होते, ते भारतीय मध्यमवर्गाने ओम्नीत पुरे केले. अर्थात तिने कोणाचे भाडे मारले की ती कायद्याबाहेर जाई. आणि भाडे तर सर्रास मारले जाई.

१९/
या स्वस्ताईची किंमत पुढे बसणाऱ्याच्या गुडघ्यांनी मोजली. चालकाचे पाय आणि समोरून येणारा ट्रक यांच्यामध्ये पत्र्यापलीकडे फारसे काही नव्हते. ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या मॉडेलांनाही समोरील धडकेची चाचणी बंधनकारक होणार होती. त्याआधीच, त्याच वर्षी, ओम्नीचे उत्पादन थांबले. नाक नसलेल्या गाडीला ती चाचणी पार करणे जवळपास अशक्यच होते.

२०/
गावाकडचे चित्र याहून वेगळे. आठवडी बाजाराला निघालेल्या बाईजवळ भाजीची पाटी असते, कोंबड्या असतात, परतताना पेंडीचे पोते असते. कायद्याच्या भाषेत ती प्रवासी. पाटी, कोंबड्या आणि पोते हा माल. तिच्या लेखी हा सगळा एकच प्रवास. एसटी ठरलेल्या वेळी ठरलेल्या थांब्यावरून जाणार. हिच्या बाजाराची वेळ आणि हिच्या वस्तीची वाट त्या वेळापत्रकात बसेलच असे नाही.

२१/
ही फट कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे ‘वडाप’ने भरली, विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळीने. जीप, ट्रॅक्स, पुढे सहा आसनी तीनचाकी. गाडी भरेल तेव्हा सुटणार, हात दाखवला की थांबणार, पोते टपावर टाकणार. यातील काहींकडे कंत्राटी वाहतुकीचे परवाने होते, काहींकडे तेही नव्हते. आणि थांब्याथांब्याला माणसे घेणे हा तर एसटीचाच अधिकार. एसटीचे उत्पन्न बुडते, ही महामंडळाची तक्रार खोटी नव्हती. वडाप नसते तर लोक घरी बसले असते, हेही तितकेच खरे होते. महाराष्ट्रातील वाहतुकीच्या इतिहासात या गाड्यांना ‘अवैध’ या एका शब्दात गुंडाळण्याची सवय आहे. ती आळशी सवय आहे.

२२/
आणि मग लग्नसराई. वऱ्हाड न्यायचे तर एसटीची गाडी ‘प्रासंगिक करारा’वर मिळते, पण ती परवडायला हवी. गावातल्याच कोणाचा टेम्पो मात्र डिझेलच्या खर्चात आणि थोड्या वर पैशांत येतो. हौद्यात सतरंजी अंथरायची, ताडपत्री ताणायची, फाळका लावायचा आणि माणसे दाटीवाटीने बसवायची. टेम्पोच्या इतिहासातला सर्वांत गंभीर प्रश्न याच हौद्यात उभा राहिला: हा टेम्पो उलटला तर भरपाई कोण देणार?

२३/
१९३९ च्या जागी आलेला १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात सक्तीच्या विम्याच्या कलमाची भाषा बदलली होती. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाडे देऊन बसलेला माणूस त्या विम्यात येतो की नाही, हे त्यातून स्पष्ट होत नव्हते. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना संरक्षण दिले. म्हणजे टोमॅटोच्या क्रेटसोबत बसलेला शेतकरी विम्यात आला. वऱ्हाडी?

२४/
डिसेंबर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतपाल सिंग प्रकरणात उदार अर्थ लावला: नव्या कायद्यात असा प्रवासीही संरक्षित आहे, विमा कंपनीने पैसे द्यावेत. तीन वर्षांनी, डिसेंबर २००२ मध्ये, आशा राणी प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो निकाल फिरवला. मालवाहू गाडी मालासाठी असते. तिच्यात बसलेल्या प्रवाशासाठी विमा उतरवण्याची सक्ती कायद्याने केलेली नाही, सबब विमा कंपनी बांधील नाही.

२५/
तर्क म्हणून हा निकाल चोख आहे. ज्या जोखमीचा हप्ताच घेतला नाही, तिची भरपाई कंपनीने का द्यावी? पण त्याचा भार कोणावर पडतो, तेही पाहावे लागते. भरपाईची जबाबदारी उरते गाडीच्या मालकावर. आणि तो बहुधा कर्जाच्या हप्त्यांवर एकच टेम्पो घेतलेला माणूस. त्याच्याकडून वसूल करण्यासारखे काही नसेल तर हौद्यात बसलेल्याच्या विधवेला हुकूमनामा मिळतो, पैसे मिळतीलच असे नाही. गाडी निवडताना हौदा घ्यायचा की बाक, या प्रश्नाचे हे शेवटचे टोक.

२६/
२००५ मध्ये पुण्यातच टाटांनी ‘एस’ आणली: दोन सिलिंडरचे सुमारे ७०० सीसीचे डिझेल इंजिन, चार चाके, तीनचाकीच्या गिऱ्हाइकाला मोहात पाडेल अशी किंमत. लोकांनी तिला ‘छोटा हाथी’ म्हटले. दोन वर्षांनी त्याच गाडीची प्रवासी आवृत्ती ‘मॅजिक’ आली. रचना तीच, पण एकीची नोंद मालवाहू, दुसरीची प्रवासी. लोक हौद्यात जी बाके टाकत होते, ती कारखान्यानेच टाकून दिली आणि त्यासोबत कायदेशीर कागदही दिले. वडापच्या अनेक मार्गांवर जुन्या जीपची जागा मॅजिकने घेतली, त्यात नवल नाही.

२७/
ओम्नीची वारस असलेली, २०१० मध्ये आलेली ‘ईको’ही अशीच विभागलेली आहे. प्रवासी आसनांची एक, मालवाहू दुसरी. बाहेरून त्या सख्ख्या बहिणी दिसतात. कर वेगळा, विमा वेगळा, पाटीचा रंग वेगळा. खासगी ईकोच्या मागच्या सीटा कायमच्या काढून टाकल्या, किंवा मालवाहू ईकोत बाक बसवला, तर १९८८ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली तो नोंदणीशी विसंगत बदल ठरतो. गॅरेजमध्ये मात्र ते काही बोल्टांचे आणि अर्ध्या तासाचे काम असते.

२८/
ज्या वर्षी छोटा हाथी आला, त्याच वर्षी बजाज टेम्पोने आपले नाव बदलून ‘फोर्स मोटर्स’ केले. जर्मनीत टेम्पो हे नाव त्याच्या कितीतरी आधी बाजारातून गेले होते. आता त्या नावाचा कारखाना ना हॅम्बुर्गमध्ये आहे, ना आकुर्डीत. मार्केट यार्डाच्या दारात उभ्या असलेल्या टाटाच्या, महिंद्राच्या, अशोक लेलँडच्या छोट्या गाड्यांकडे बोट दाखवून हमाल विचारतो, “टेम्पो कुणाचा?”